अर्ध्या मिनिटातला वाइन अहवाल: पार्श्वभूमी

वाइनची तपासणी दीर्घकाळ टायट्रेशनच्याच (रसायन थेंबथेंब सोडून प्रमाण मोजण्याच्या) वेगाने चालली. 1985 मध्ये ऑस्ट्रियाच्या वाइनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. नेहमीच्या चाचण्या ते शोधतच नव्हत्या. पुढच्या वर्षी इटलीत वाइनमधल्या मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने वीसहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर तपासणी वाढवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

वेग मात्र डेअरीतून आला. नमुना इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो त्यावरून दुधातलं फॅट मोजणारं तंत्र 1990 च्या दशकाच्या अखेरीस वाइनसाठी जुळवून घेतलं गेलं. गाळलेला नमुना लावला की अर्ध्या मिनिटात अल्कोहोल, साखर, पीएच (जितका कमी तितकं आम्ल तीव्र), एकूण आम्लता पडद्यावर येते.

वाद आहे तो या आकड्यांच्या उगमाचा. शेकडो वाइन आधी जुन्या पद्धतींनी तपासून त्यांच्या स्पेक्ट्रमशी (प्रकाश शोषण्याच्या नोंदीशी) जुळवलेल्या असतात आणि नव्या नमुन्याचा आकडा त्या जुळणीतून काढलेला अंदाज असतो. 2010 मध्ये या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या, तरी तंटा झाला की संदर्भ पद्धतीचाच, म्हणजे त्या जुन्या प्रमाणित पद्धतीचाच, निकाल धरला जातो. माझ्या मते ते योग्यच आहे.

खरी अडचण मुक्त सल्फर डायऑक्साइडची, म्हणजे वाइन टिकवणाऱ्या आणि इतर घटकांशी न बांधलेल्या वायूची. मिलिग्रॅममध्येच मोजावं एवढंच त्याचं प्रमाण, आणि पाणी-अल्कोहोलच्या गर्दीत त्याचा संकेत बुडून जातो. एकोणिसाव्या शतकातली आयोडिनची पद्धत रेड वाइनमध्ये आकडा फुगवते, शिवाय रंगामुळे शेवटचा थेंब नेमका कुठला ते कळत नाही. म्हणून अनेक प्रयोगशाळांत आजही नमुन्यात फॉस्फोरिक आम्ल घालून हवा ओढतात आणि निघालेला वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पकडतात. हिरवा निर्देशक (आम्ल मिसळलं की रंग बदलणारं द्रव्य) जांभळा होतो, मग तो पुन्हा हिरवा होईपर्यंत थेंबथेंब अल्कली सोडायची. पंधराएक मिनिटं जातात, पण जावीतच, कारण नेमका आकडा पीएचशी ताडून पाहावा लागतो: लिटरला 30 मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड 3.2 पीएचला वाइन राखतं आणि 3.8 ला जवळपास निरुपयोगी ठरतं.

नाशिककरांनी हे नीट ध्यानात घ्यायला हवं. 2001 च्या राज्य धोरणानंतर इथे वायनरी वाढल्या. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. उन्हाचा तडाखा लवकर बसला की द्राक्षांची आम्लता घसरते, पीएच चढतो. यंत्रासोबत येणारं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे काढण्याची ती जुळणी, बहुधा युरोपातल्या वाइनवर बेतलेलं असतं. त्यामुळे दर हंगामात इथल्या शेनिन ब्लांक आणि शिराझ या द्राक्षजातींच्या वाइनचे नमुने संदर्भ पद्धतीने तपासून ते दुरुस्त करावं लागतं.