फाइल-मालकी, नेटवर्क शेअरवरील

सामायिक फोल्डरातील फाइल दुसऱ्या संगणकावर उघडते पण साठवता येत नाही, किंवा तिचा मालक भलताच दिसतो, अशा अडचणींचा हा वर्ग. कार्यप्रणाली वेगळ्या असल्या की त्या वाढतात; मूळ मात्र मालकाची ओळख कशी नोंदली जाते यात आहे.

युनिक्स-कुळात (लिनक्स, मॅक यांसारख्या कार्यप्रणालींत) फाइलवर मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. त्याला नाव देते ती त्या यंत्रावरची यादी. बहुतेक लिनक्स वितरणांत पहिल्या माणसाला १००० क्रमांक मिळतो, मॅकवर ५०१. त्यामुळे दोन लिनक्स यंत्रांवरील अनोळखी माणसे सर्व्हरला एकच वाटू शकतात. विंडोज एनटीने (१९९३) लांबलचक सुरक्षा-ओळखांक आणि तपशीलवार प्रवेशयादी (कुणाला काय करता येईल याची नोंद) वापरली. तिचे युनिक्सच्या मालक-गट-इतर या तीन खान्यांत तंतोतंत रूपांतर होत नाही.

उगम दोन ठिकाणी धरता येतो. युनिक्सची क्रमांकपद्धत १९७० च्या दशकातली, पण तेव्हा यंत्र एकच असल्याने ती पुरेशी होती. दुसरे ठिकाण सन मायक्रोसिस्टिम्सची एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरू देणारी पद्धत. तिचे वर्ष साधारणतः १९८४ दिले जाते. दुसऱ्या आवृत्तीचा तपशील आरएफसी १०९४ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेतील एक) म्हणून १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रूढ ओळखपद्धतीत ग्राहक-यंत्र (फाइल मागणारा संगणक) सांगेल तो क्रमांक सर्व्हर खरा मानतो आणि सोबत जास्तीत जास्त १६ गट स्वीकारतो. सतराव्या गटामुळे मिळणारा हक्क तिथेच गळतो. खरा उगम एनएफएसमध्येच मानणे अधिक सयुक्तिक वाटते. चौथ्या आवृत्तीत क्रमांकाऐवजी नाव व डोमेन (ते नाव ज्या जाळ्यातले, त्याचे नाव) पाठवण्याची सोय झाली. तरी दोन्हीकडचे डोमेन जुळले नाही, तर मालकाच्या जागी ‘नोबडी’ (कुणीच नाही) उमटतो.

अँड्र्यू ट्रिजेल यांच्या सांबाची (सुमारे १९९१-९२), म्हणजे युनिक्स-कुळातल्या सर्व्हरवरील फाइली विंडोजला वापरू देणाऱ्या प्रणालीची, वाट निराळी. नाव व पासवर्ड तपासून सर्व्हर स्वतःच क्रमांक ठरवतो. इथे अडचण ओळखीपेक्षा परवानगीत येते. सोलापुरातल्या चादर-टॉवेल कारखान्याची डिझाइनची खोली घ्या. जकार्डची (मागावर विणून उमटणारी) नक्षी विंडोजवर काढलेली, साठा लिनक्सवर चालणाऱ्या पेटीत. सायंकाळी एकाने ठेवलेली किनारीची फाइल सकाळच्या पाळीचा माणूस उघडतो, रंग बदलतो, आणि साठवताना ‘परवानगी नाकारली’ येते. सांबाचा मूळ मुखवटा, म्हणजे नव्या फाइलीवरील परवानगीची कमाल मर्यादा, ०७४४ (शेवटचे तीन अंक अनुक्रमे मालक, गट व इतर यांचे; ४ म्हणजे फक्त वाचणे) असल्याने गटाला वाचण्यापुरतीच मुभा राहते. मग नाव बदलून दुसरी प्रत ठेवली जाते आणि मागावर कोणती चढवायची हा गोंधळ सुरू होतो.

सगळ्यांना ७७७ (सर्व परवानग्या) देऊन टाकणे हा सर्रास केला जाणारा उपाय घातक आहे. त्याने कुणालाही फाइल पुसता येते. सर्वांना एका गटात घालावे, मुखवटा ०६६० (मालक व गट दोघांनाही वाचण्या-लिहिण्याची मुभा) करावा आणि फोल्डरवर सेटजीआयडी हा परवानगीचा खास पर्याय लावावा, म्हणजे नवी फाइल फोल्डरचाच गट घेते. आधीच्या फाइलींना हे आपोआप लागू होत नाही. त्यांचा गट व परवानगी सर्व्हरवर बसून एकदा बदलावी लागते.