श्वानदंश : उपचार आणि कायदेशीर हक्क

श्वानदंश म्हणजे कुत्र्याच्या दातांनी किंवा नखांनी झालेली इजा. उघड्या जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाच्या आत कुत्र्याची लाळ लागली, तरी डॉक्टर ती चाव्याइतकीच गंभीर मानतात. खरी भीती रेबीजची. त्याची लक्षणे दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेत पूर्ण उपचार घेतले तर रोग टळतो.

पहिला उपचार घरच्या नळाखाली होतो. जखम वाहत्या पाण्यात साबणाने 15 मिनिटे धुवावी. साबणाने विषाणू निकामी होतो, म्हणून दवाखाना गाठण्याच्या घाईत हे टाळू नये. हळद, चुना, तिखट अजिबात लावू नये. अशा जखमेला शक्यतो टाकेही घालत नाहीत. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, ते डॉक्टर ठरवतात.

‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही धास्ती जुन्या लसीच्या काळातली. ती लस भारतात केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात. स्नायूत दिल्यास पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. त्वचेत दिल्यास 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. कातडी फाटून रक्त आले असेल, तर एवढ्याने भागत नाही. लसीचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, तोवर संरक्षण मिळावे म्हणून इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे सीरम) थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचावे लागते. हे सीरम राहून जाणे जिवावर बेतू शकते. ते रुग्णाने स्वतःहून विचारावे. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या मुलांनाही हे उपचार देतात. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवावे, पण त्यासाठी लस थांबवू नये.

नुकसानभरपाईची लढाई पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर उभी राहते. त्यावर ‘कुत्रा चावला’ एवढेच न लिहिता वेळ, जागा, जखमांची संख्या आणि कुत्रा कोणाचा, हे नोंदवून घ्यावे. जखम धुण्यात उशीर न करता तिचे फोटो काढावेत, औषधांची बिले जपावीत.

कुत्रा पाळीव असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 291 लागू होते. प्राण्याबाबत पुरेशी काळजी न घेणाऱ्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात. त्यामुळे केवळ एन.सी. (अदखलपात्र नोंद) नोंदवून बोळवण होत असेल, तर एफआयआरचा आग्रह धरावा. उपचारखर्च आणि बुडालेल्या मजुरीसाठी मालकावर दिवाणी दावाही करता येतो. मुंबईत 2010 साली झालेल्या रॉटवायलरच्या चाव्याबद्दल गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने मालकाला 3 महिन्यांची कैद सुनावली, ती 2023 मध्ये. इतकी वर्षे माणसांची आठवण पुरत नाही, कागद पुरतो.

भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान 10,000 रुपये आणि मांस निघाले असल्यास प्रत्येक 0.2 सेंटिमीटर जखमेमागे किमान 20,000 रुपये भरपाई ठरवली. केरळमधील पीडितांच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन समिती नेमली होती. पंजाब-हरियाणाचे दर महाराष्ट्रातल्या महापालिकांवर आपोआप बंधनकारक नाहीत. तरी महापालिकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी आणि दाद न मिळाल्यास उच्च न्यायालयातील रिट याचिकेत त्या निकालाचा दाखला द्यावा.

सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून भटकी कुत्री हटवून ती पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश दिला. त्याच आदेशात रुग्णालयांनी लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचा साठा कायम ठेवावा असेही बजावले आहे. ‘सीरम संपले’ असे सांगून कोणी परत पाठवत असेल, तर तेही केसपेपरवर लिहून मागावे आणि वेळ न दवडता दुसरे रुग्णालय गाठावे.