रचलेलं आणि फिरवलेलं: 'द क्राउन' बघताना होणारी गल्लत

ब्रिटनची राणी एलिझाबेथ (दुसरी) हिच्यावरच्या 'द क्राउन' या नेटफ्लिक्स मालिकेचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. "काय बारकावे जपलेत, सगळं जसंच्या तसं!" आणि "सगळं खोटं हो, बंद दाराआडचं बोलणं यांना सांगायला कोण गेलं होतं?" दोघांचीही गल्लत एकच: प्रसंग रचणं आणि प्रसंग फिरवणं यांत ते फरकच करत नाहीत.

रचण्याबद्दल फार बोलायला नको. राणी आणि पंतप्रधानांची साप्ताहिक भेट दोघांतच व्हायची, टिपण ठेवलं जात नसे. म्हणजे मालिकेचे लेखक पीटर मॉर्गन यांनी लिहिलेला तिथला शब्द न शब्द कल्पनेतला, आणि तो तसाच असणार. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक ओळखणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नकोच. पोशाख, मोटारी, छातीवरच्या पदकांचा क्रम यांत कुणाला चूक सापडलीच तर सापडू दे. त्यावर तासभर वाद घालणाऱ्यांचा मला कंटाळा आहे.

खरी मेख फिरवण्यात आहे. घटना खरी, तारीख खरी, गर्दीतला शेवटचा गणवेशसुद्धा खरा. फक्त 'हे का घडलं' याचं उत्तर बदललेलं. आणि हा बदल बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकतो. बाहेरच्या जगातलं कारण उचलायचं आणि कुणाच्या तरी दुखऱ्या मनात नेऊन ठेवायचं, म्हणजे पियानो वाजवायला जागा होते.

दुसऱ्या सीझनचा नववा भाग घ्या. राणीचा नवरा फिलिप, त्याची बहीण सेसिली, तिचा नवरा, दोन मुलं आणि सासू 16 नोव्हेंबर 1937 रोजी बेल्जियममध्ये ऑस्टेंडजवळ विमान अपघातात गेले. धुक्यात विमान धुराड्यावर आदळलं होतं. सेसिली गरोदर होती, बाळंतपण जवळ आलं होतं. फिलिप तेव्हा 16 वर्षांचा, स्कॉटलंडमधल्या गॉर्डनस्टन शाळेत. जर्मनीतल्या डार्मस्टाटची अंत्ययात्रा, नाझी गणवेशांच्या गराड्यात चालणारा फिलिप, हे सगळं खरं आहे, छायाचित्रं आहेत. मालिका मात्र सांगते की फिलिपने शाळेत मारामारी केली, शिक्षा म्हणून त्याची सुट्टी रद्द झाली, म्हणून बहीण त्या विमानात बसली. याला काडीचा आधार नाही. ती लंडनला धाकट्या दिराच्या लग्नाला निघाली होती. फिलिपच्या शाळेचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण या एका खोट्या दुव्यावर भागाचा सगळा डोलारा उभा आहे. बहिणीच्या मृत्यूचं ओझं वाहणारा बाप पुढे मुलाला, चार्ल्सला, त्याच शाळेत घालतो, आणि प्रेक्षकाच्या घशात आवंढा येतो. अंत्ययात्रा इतकी हुबेहूब आहे, म्हणूनच शाळेतली मारामारीही लोक खरी धरून चालतात. बारकावे इथे जामीनदाराचं काम करतात.

ॲबरफनचा भाग (तिसरा सीझन, तिसरा भाग) जास्त अवघड आहे, कारण तिथे कारणाऐवजी प्रश्नच बदलला आहे. 21 ऑक्टोबर 1966 रोजी वेल्समध्ये कोळसा खाणीच्या राडारोड्याचा ढीग शाळेवर घसरला. 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं. राणी आठव्या दिवशी, 29 तारखेला पोचली. उशीर झाला हे खरंच. पण मालिकेला कुतूहल आहे ते राणीला रडू फुटतं का याचं: आधी ती डोळे पुसल्याचं नाटक करते, शेवटी एकटी असताना एक थेंब ओघळतो. तिथे हजर असलेल्यांनी तर ती गलबललेली दिसली असं सांगितलं आहे. ॲबरफनच्या लोकांचा प्रश्न निराळाच होता. 1967च्या चौकशी अहवालाने दोष खाणी चालवणाऱ्या सरकारी नॅशनल कोल बोर्डावर ठेवला. तरीही उरलेले ढीग हलवण्याच्या खर्चापोटी दीड लाख पौंड घेतले गेले ते पीडितांसाठी जमलेल्या निधीतून. ते परत मिळाले 1997मध्ये, बिनव्याजी. या हिशोबात राणीच्या डोळ्यांना जागाच नाही.

राणीची धाकटी बहीण मार्गारेट आणि तिला ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो घटस्फोटित टाउनसेंड यांचंही तेच: मालिकेत राणीपुढे बहीण की मुकुट, असा पेच. 2004मध्ये खुल्या झालेल्या सरकारी कागदांनुसार 1955मध्ये राणी आणि पंतप्रधान ईडन यांच्या सरकारने तोडगा काढत आणला होता. मार्गारेटने स्वतःचा आणि मुलांचा वारसाहक्क सोडायचा. पदवी आणि भत्ता कायम. निष्ठुर थोरली बहीण या कागदांत भेटत नाही.

उलट उदाहरणही द्यायला हवं. चौथ्या सीझनच्या सुरुवातीला फिलिपचे मामा माउंटबॅटन यांचं चार्ल्सला लिहिलेलं पत्र त्यांच्या हत्येनंतर पोचतं. ते पत्र रचलेलं आहे. तरी मला ते खुपत नाही: माउंटबॅटन चार्ल्सला लग्नाबद्दल पत्रांतून उपदेश करत असत याची नोंद आहे. कागद खोटा, संबंध खरा. पत्र नेमकं मृत्यूनंतर पोचवण्याचा सोस टाळता आला असता, एवढंच.

'हे काल्पनिक आहे' अशी पाटी लावा, ही 2020मधली ब्रिटिश मंत्र्यांची मागणी म्हणूनच मला कुचकामी वाटते. माउंटबॅटनचं पत्र आणि सेसिलीचं विमान, दोन्हींवर तीच पाटी बसते.

पडताळायचंच असेल तर संवादांच्या मागे लागू नका. भाग संपला की ज्या दृश्यात सगळ्यात जास्त गलबलून आलं ते धरा आणि ते दृश्य कोणत्या 'म्हणून'वर टेकलंय ते शोधा. तेवढा एकच दुवा तपासा. चौकशीचे अहवाल, त्या आठवड्याची वर्तमानपत्रं, संसदेच्या कामकाजाची नोंद यांपैकी एखाद्या ठिकाणी उत्तर बहुधा सापडतं. सेसिलीच्या बाबतीत तर विमान कुठे चाललं होतं आणि तिथे कुणाचं लग्न होतं, एवढंच बघायचं.