एका कळीचे चार आकडे

यूएसबी कीबोर्डवर 'ए' दाबला की कीबोर्डातून ४ हा आकडा निघतो. लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) त्याचा ३० करतो, एक्स सर्व्हर (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा प्रोग्राम) ३८ करतो आणि कीमॅप (कोणत्या कळीचं कोणतं अक्षर याचा तक्ता) त्यावरून ९७ काढतो, म्हणजे छोट्या 'ए'चं आस्की मूल्य, त्या अक्षराचा ठरलेला आकडा. कळ एकच, आकडे चार. कीबोर्डच्या तक्रारी वर्षानुवर्षं भलत्याच प्रकल्पाच्या दारात जाऊन पडतात त्या यामुळेच. अक्षर चुकलेलं दिसतं एडिटरमध्ये, म्हणून दोषही एडिटरचाच वाटतो.

हे आकडे आले कुठून? ३० चं मूळ १९८१ च्या आयबीएम पीसीत आहे. त्या कीबोर्डवर एस्केपपासून एक-दोन-तीन असं मोजायला लागा: आकड्यांची ओळ, बॅकस्पेस, टॅब, मग 'क्यू'पासूनची ओळ, एंटर २८, कंट्रोल २९, आणि ३० वर 'ए'. लिनक्सने हीच मोजणी उचलली. १९८७ च्या एक्स११ प्रोटोकॉलने (एक्सच्या नियमावलीने) मात्र कीकोड, म्हणजे कळींचे आकडे, ८ पासून २५५ पर्यंतच ठेवले, म्हणून कर्नलच्या आकड्यात ८ मिळवायची रीत पडली. आजही कर्नलमध्ये २४७ च्या वरचा आकडा असलेली कळ एक्समधल्या प्रोग्रामपर्यंत सरळ पोचत नाही. लॅपटॉपवरच्या काही खास कळा 'मेलेल्या' वाटतात, त्या बऱ्याचदा इथे अडकलेल्या असतात.

या आकड्यांचा सगळ्यात मोठा घोळ झाला २००८ च्या सुमारास. तोवर एक्स आपला जुना कीबोर्ड ड्रायव्हर वापरत असे. त्यात वरच्या बाणाचा कीकोड ९८ आणि प्रिंट स्क्रीनचा १११. मग लिनक्सची वितरणं (तयार आवृत्त्या) कर्नलचेच आकडे घेणाऱ्या एव्हडेव्ह ड्रायव्हरवर गेली आणि वरचा बाण झाला कर्नलचा १०३ अधिक ८, म्हणजे १११. ज्यांच्या सेटिंगमध्ये जुना तक्ता राहून गेला होता, त्यांनी वरचा बाण दाबला की स्क्रीनशॉटची खिडकी उघडायची. कीबोर्ड धड, डेस्कटॉपही धड. मधला तक्ताच शिळा.

तेव्हापासून तपासाची जी पद्धत रुळली ती मला अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते: आकडा कुठे बदलतो ते बघायचं. एव्हटेस्ट (कर्नलपर्यंत काय पोचलं ते दाखवणारं साधन) चालवून 'ए' दाबा. यूएसबी कीबोर्ड असेल तर ७०००४ दिसेल (शेवटी कीबोर्डचा तोच ४), शेजारी कर्नलचा ३०. मग एक्सईव्हीत (एक्सपर्यंत काय पोचलं ते दाखवणाऱ्या साधनात) ३८ आणि ०एक्स६१ दिसायला हवं. हेक्समधलं ६१ म्हणजेच ९७. एव्हटेस्टमध्येच काही उमटलं नाही, तर एडिटरच्या लोकांना त्रास देण्यात अर्थ नाही. एक्सईव्हीपर्यंत सगळं बरोबर असूनही अक्षर चुकत असेल, तर संशय आयबस किंवा एफसीआयटीएक्ससारख्या इनपुट मेथडवर (कळांवरून इतर लिप्यांतली अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रामवर) आणि मग प्रोग्रामवर. इनपुट मेथड क्षणभर बंद करून पाहिली की त्यातलं नक्की कोण ते कळतं.

एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडने आठाची बेरीज तशीच ठेवली, पण एक जबाबदारी हलवली. कळ दाबून धरल्यावर अक्षर पुन्हापुन्हा उमटवायचं काम एक्समध्ये सर्व्हर करायचा. वेलँडमध्ये ते प्रोग्रामकडे आलं. 'कळ सुटली' हा निरोप पोचायला उशीर झाला, तर प्रोग्राम समजतो बोट अजून कळीवरच आहे, आणि एका टिचकीत 'एएएएए' उमटतं. इथे चारही आकडे बरोबर असतात. अशा वेळी एव्हटेस्टमधल्या दाबण्याच्या आणि सोडण्याच्या वेळा बघाव्या लागतात.