जमिनीची मालकी, हद्द आणि मोजणी (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात शेतजमिनीची खरेदी असो, भावाभावातली वाटणी असो नाहीतर बांध कोरल्याचं भांडण, शेवटी प्रश्न तीनच राहतात. जमीन कुणाची, कागदावर किती, आणि जाग्यावर ती नेमकी कुठून कुठपर्यंत. ह्या तिन्हीची उत्तरं एकाच सातबाऱ्यात मिळतात असं बहुतेक लोक धरून चालतात आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात, कारण हे तिन्ही प्रश्न वेगवेगळ्या कागदांवर आणि वेगवेगळ्या ऑफिसांत सुटतात.

सगळ्याचा पाया म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६. हा यायच्या आधी पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा, मराठवाड्यात हैदराबादचा आणि विदर्भात मध्य प्रदेशचा असे वेगवेगळे महसूल कायदे चालू होते, ते ह्या एका कायद्यात आले. जी जमीन, रस्ता, नाला, नदीपात्र दुसऱ्या कुणाच्या मालकीचं नाही ते सरकारचं, असं कलम २० सांगतं. शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून लागतं, वर्ग १ असेल तर जमीन विकायला सहसा अडचण येत नाही, वर्ग २ असेल तर आधी कलेक्टरची परवानगी लागते आणि आदिवासी खातेदाराच्या जमिनीला कलम ३६ ची वेगळी बंधनं आहेत. खरेदी करताना लोक क्षेत्र बघतात, भाव करतात पण वर्गाचा रकाना बघत नाहीत, हे खरंच महागात पडतं.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र. सात मध्ये हक्काची माहिती, बारा मध्ये पिकांची. नावात बदल होतो तो फेरफाराने, म्हणजे नमुना ६ मध्ये नोंद होऊन ती मंजूर झाल्यावर. कलम १५७ प्रमाणे ह्या नोंदी खऱ्या मानल्या जातात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच, आणि सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी सांगितलंय की फेरफार नोंद ही महसूल कुणाकडून घ्यायचा यासाठी असते, त्याने मालकी तयार होत नाही आणि जातही नाही. मालकी येते खरेदीखतातून, वारसाने, वाटपातून, बक्षीसपत्रातून किंवा कोर्टाच्या हुकुमातून. बरं, खरेदीखत रजिस्टर झालं म्हणून विकणाऱ्याकडे हक्क होता याची हमी रजिस्ट्रार देत नाही, तो फक्त दस्त नोंदवतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली टॉरेन्स पद्धत आली, तिच्यात सरकारी नोंद म्हणजेच मालकी, आपल्याकडे तसं नाही आणि म्हणून मागची सगळी साखळी तपासावी लागते.

आता हद्द. सातबाऱ्यावर हद्द नसतेच! तिथे फक्त क्षेत्र आणि आकार (म्हणजे शेतसारा) असतो, शेताची आकृती कशी, बाजू किती लांब, कोपरा कुठे हे सगळं भूमि अभिलेख खात्याकडे असतं आणि हे रेकॉर्ड फार जुनं आहे. इंग्रजांच्या काळात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात पहिली मोजणी केली ती फसली, मग १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केलं, आणि १८४७ च्या जॉइंट रिपोर्टने पद्धत ठरून गेली. एका बैलजोडीने साधारण किती जमीन कसता येईल यावरून सर्व्हे नंबर पाडले, प्रत्येकाच्या हद्दीवर दगड आणि मातीच्या खुणा केल्या. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट झाला एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज सातबारा हेक्टर-आर मध्ये असतो (एक आर १०० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्यापेक्षा किंचित कमी) पण गावात बोलणं गुंठ्यातच चालतं.

त्या मोजणीत प्रत्येक शेताचं जे कच्चं रेखाटन केलं त्याला टिपण म्हणतात, आणि हद्दीच्या वादात ह्या कागदाइतका महत्त्वाचा कागद दुसरा नाही. त्याच्याबरोबर गुणाकार बुक (क्षेत्र काढल्याची आकडेमोड), पोटहिस्से पाडले असतील तर फाळणी, क्षेत्राचा हिशोब दाखवणारा आकारबंद आणि नंतरच्या बदलांची कमी-जास्त पत्रकं. पुढे १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर (एकत्र केलेल्या जमिनीचे नवे नंबर) आले, आणि इथे काही गावांत मोठा घोळ झाला. गट कागदावर जुळवले पण शेतकरी जुन्याच वहिवाटीत राहिले, म्हणजे सातबारा एका जागेचा आणि कसतोय दुसरी जागा, असे गट अजूनही सापडतात.

दुसरा घोळ पोटहिश्श्यांचा आहे आणि मला वाटतं की तो सगळ्यात जास्त घरांना त्रास देतो. बापाच्या मागे चार भावांचे चार सातबारे वेगळे होतात, फेरफार मंजूर होतो, पण मोजणी कुणी करून घेत नाही, त्यामुळे नकाशात गट एकच राहतो आणि आतल्या रेषा फक्त लोकांच्या डोक्यात. ती पिढी असेपर्यंत चालतं. मग एक भाऊ आपला हिस्सा बाहेरच्याला विकतो, नवा माणूस चतुःसीमा विचारतो आणि वाद पेटतो. वाटप करताना सातबाऱ्यासोबत पोटहिस्सा मोजणी करून घ्यायलाच पाहिजे.

हद्द दाखवून घ्यायची तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, आता तो ऑनलाइन पण होतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, ठरल्या तारखेला भूकरमापक (खात्याचा मोजणीदार) येतो. तो आल्या आल्या हद्द दाखवत नाही याचा लोकांना राग येतो, पण आधी त्याला जुने दगड, ओढे, गावशीव अशा न हललेल्या खुणा शोधायच्या असतात, आजची वहिवाट मोजायची असते, मग टिपणाशी मेळ घालून रेकॉर्डची हद्द काढायची असते. शेवटी मिळते ती क प्रत, तिच्यात रेकॉर्डची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगळी दिसते आणि शेजाऱ्याकडे किती गेलंय ते कळतं. उभं पीक असताना हे काम नीट होत नाही. आधी प्लेन टेबल (जाग्यावरच नकाशा काढायचा फळा) होतं, मग कोन आणि अंतर मोजणारं ईटीएस मशीन, आता उपग्रहावरून जागा सांगणारे रोव्हर आले, काम भराभर होतं, पण रोव्हर फक्त बिंदू अचूक सांगतो, हद्द कुठली हे अजून जुन्या टिपणावरूनच ठरतं, त्यामुळे टिपण फाटलेलं किंवा गहाळ असेल तर मशीन कितीही भारी असून उपयोग नाही.

मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, ती उपअधीक्षक स्वतः बघतात, त्यावरही हरकत असेल तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. कायद्याप्रमाणे चौकशी होऊन हद्द एकदा ठरली की कलम १३८ नुसार ती रेषा निर्णायक, आणि पलीकडे घुसून बसलेल्याला काढायचा अधिकार कलेक्टरला आहे. हद्दीची खूण मुद्दाम उपटली, मोडली तर कलम १४५ खाली दंड होतो. बांधावरून शेतात जायचा रस्ता हवा असेल तर कलम १४३ चा अर्ज तहसीलदाराकडे, आणि आधीपासूनचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, हे दोन अर्ज लोक कायम उलटसुलट करतात आणि वर्ष फुकट जातं.

भूकरमापक मालकी ठरवत नाही. शेजारी म्हणाला की ही पट्टी मी १२ वर्षांपेक्षा जास्त काळ उघडपणे, हक्क सांगून कसतोय, तर मुदतीच्या कायद्याखाली (१९६३, अनुच्छेद ६५) तो बचाव दिवाणी कोर्टात चालतो, सरकारी जमिनीला हीच मुदत ३० वर्षं आहे. कोर्टही अशा दाव्यात बहुतेक वेळा कमिशनर नेमून मोजणी करून घेतं, आणि कमिशनर म्हणून सहसा भूमि अभिलेख खात्याचाच माणूस येतो, तेच टिपण घेऊन.