दोलनदर्शकावरील नोंदसाठवण

दोलनदर्शकाने (ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युत दाबाचा तरंग पडद्यावर दाखवणारे उपकरण) टिपलेला तरंग आणि त्या वेळची उपकरणाची मांडणी (सेटिंग) फायलीच्या रूपात चकतीवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवण्याची क्रिया. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत या उपकरणाला सर्रास ‘सीआरओ’ (कॅथोड रे ऑसिलोस्कोप) म्हणतात. आतली ऋण किरण (कॅथोड रे) नलिका जाऊन सपाट पडदा आला, तरी नाव तेच राहिले. अंकीय (डिजिटल) प्रकाराला मात्र ‘डीएसओ’ (डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप) असे वेगळे नाव आहे.

उगम : साठवणीचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांची नलिका १८९७ सालची. पण तिच्यावरचा तरंग क्षणात विझे. तो ठेवायचा तर पडद्यापुढे कॅमेरा लावावा लागे किंवा ग्राफ पेपरवर हाताने उतरवून घ्यावा लागे. पुढे ह्यूज कंपनीने १९५० च्या दशकात आणि टेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस, आकृती काही काळ धरून ठेवणाऱ्या नलिका बाजारात आणल्या. टेक्ट्रॉनिक्सच्या नलिकेचे श्रेय रॉबर्ट अँडरसन यांना दिले जाते. काही लेखक साठवण येथूनच मोजतात. परंतु या नलिकांत आकृती उरे, आकडे नव्हेत. त्यामुळे तिला आजच्या अर्थाने नोंद म्हणणे कठीण आहे.

अंकीय साठवणीबाबत दोन दावे आहेत. लेक्रॉय कंपनीचे ‘डब्ल्यूडी २०००’ हे १९७१ चे. ते अतिशय वेगवान असले तरी मोजकेच नमुने (तरंगाची ठरावीक क्षणांची मापे) घेई. निकोलेट कंपनीचे ‘१०९०’ साधारणपणे १९७२–७३ मधले. पहिले तरंगाचे आकडे करणारे यंत्र होते, तर दुसरे दोलनदर्शक म्हणून हाताळता येणारे उपकरण. केवळ सालाकडे पाहता लेक्रॉय पुढे ठरते. चकतीवरील साठवणीचा धागा मात्र निकोलेटकडून अधिक सरळ येतो, कारण त्याच घराण्यातील नंतरच्या उपकरणांना फ्लॉपी जोडलेली आढळते. १९९० च्या दशकात १.४४ मेगाबाइटची साडेतीन इंची फ्लॉपी रूढ झाली आणि २००० नंतर तिची जागा यूएसबीने घेतली.

साठवणीचे प्रकार : एकाच ‘सेव्ह’ बटणामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. चित्र (बीएमपी, पीएनजी) जर्नलला चिकटवायला पुरते. त्यातून पुन्हा गणित करता येत नाही. मांडणीच्या फायलीत प्रत्येक विभागाला किती व्होल्ट, काळाची पट्टी, ट्रिगर (टिपणे कोणत्या क्षणी सुरू व्हावे याची अट) इत्यादी असते, तरंग नसतो. तरंगाची फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे) किंवा कंपनीच्या स्वतःच्या द्विमान (बायनरी) रूपात मिळते. ८ बिटांच्या उपकरणाच्या द्विमान फायलीत प्रत्येक नमुना बहुधा ० ते २५५ मधला एक अंक असतो. त्याचे व्होल्ट करण्यासाठी गुणक व शून्यस्थान फायलीच्या आरंभी लिहिलेले असते. तेवढा भाग हरवला की उरलेले आकडे निरुपयोगी होतात.

घोळ होतो तो सीएसव्हीत. पुष्कळ उपकरणे, वेगळे सांगितल्याशिवाय, पूर्ण स्मृती (मेमरी) न लिहिता फक्त पडद्यावरचे बिंदू लिहितात. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातील व्हीएफडी ड्राइव्हवर (वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारे यंत्र) चालणाऱ्या पंपाचे उदाहरण घेऊ. त्याचा आत येणारा प्रवाह २ सेकंद टिपला, तर ५० हर्ट्झची १०० आवर्तने मिळतात. स्मृतीत १ लाख नमुने असतील तर प्रत्येक आवर्तनाला १,००० येतात. पडद्याचे १,२०० बिंदूच उतरले तर आवर्तनामागे १२ उरतात, म्हणजे सेकंदाला ६०० नमुने. अशा नोंदीत ३०० हर्ट्झच्या वरचे काहीच खरे दिसत नाही. मधले नमुने नुसते गाळले असतील, तर सातवा हार्मोनिक (मूळ ५० हर्ट्झची सातपट, ३५० हर्ट्झ) २५० हर्ट्झवर, नेमका पाचव्याच्या जागी येऊन बसतो. पाचवा वाढल्याचा अहवाल यातून सहज तयार होऊ शकतो. (असा प्रवाह तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प प्रोबनेच घ्यावा, साध्या प्रोबची भूतार (ग्राउंडची तार) अलग न केलेल्या मेन्सला लावणे जिवावर बेतते.)

मांडणीची पुनर्स्थापना : संगणकावरून मोजमापयंत्रे चालवण्यासाठीच्या आयईईई ४८८.२ या १९८७ च्या मानकात मांडणी ठेवणे व परत आणणे यांसाठी अनुक्रमे ‘सॅव्ह’ आणि ‘आरसीएल’ या आज्ञा आहेत, त्याही ऐच्छिक. एका मॉडेलची फाइल दुसऱ्यावर चालेलच असे नाही. स्वयं-अंशांकन (उपकरणाने स्वतःची मापे स्वतःच जुळवून घेणे) या फायलीत येत नाही. सभोवतालचे तापमान ५ अंशांहून अधिक बदलल्यास ते पुन्हा करावे, अशी सूचना काही निर्माते देतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाणाऱ्या भुसावळात पंख्याखालच्या प्रयोगशाळेत सकाळ आणि दुपार यांत एवढा फरक सहज पडतो. प्रोबवरची १×/१०× कळही मांडणीच्या आवाक्याबाहेरची. ती चुकली की सगळे व्होल्ट दहा पटींनी चुकतात.

अन्य अडचणी : लिहिणे चालू असताना वीज गेली, की शून्य बाइटची फाइल उरते किंवा पेनड्राइव्हची यादीच बिघडते. भारनियमनाच्या भागात हा मुद्दा पुस्तकी नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ (फायलींची यादी ठेवण्याची एक जुनी पद्धत) पद्धतीनेच फॉरमॅट केलेला असावा लागतो, असे पुष्कळ उपकरणांबाबत आढळते. फाइलनामे आपोआप क्रमांकाने पडतात. घड्याळ नसलेल्या किंवा त्याचा सेल संपलेल्या उपकरणाची फाइल बहुधा १ जानेवारी १९८० ची तारीख दाखवते, कारण एफएटीचे कालमापन त्या दिवसापासून सुरू होते.