२५ घरं, १६ भिंती

‘सशाला गाजरापर्यंत पोहोचवा’ असं कोडं रविवारच्या पुरवणीत आलं की मुलं पेन्सिल घेऊन तुटून पडतात आणि दोन मिनिटांत मोकळी होतात. तसाच भुलभुलैया त्यांना स्वतः काढायला सांगा, तास पुरत नाही. मी कोल्हापुरात पाचवीला गणित शिकवते. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की खेळाच्या तासाला वर्गात आम्ही हेच करतो. वाट शोधताना मूल जेवढा विचार करतं, त्याहून कितीतरी जास्त दुसऱ्याची वाट चुकवण्याची आखणी करताना करतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

साहित्य म्हणजे चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर. ५ बाय ५ चा चौकोन आखायचा, म्हणजे २५ बंद घरं झाली. आता शेजारच्या दोन घरांमधली भिंत खोडायची, पण एका अटीवर. त्या दोन घरांत दुसरीकडून फिरून जाता येत असेल, तर त्या भिंतीला हात लावायचा नाही. सगळी घरं जोडली गेली की थांबायचं आणि बाहेरच्या कुंपणाला दोन दारं ठेवायची.

प्रत्येकाचा नकाशा वेगळा येतो. मग मी आतल्या उरलेल्या भिंती मोजायला सांगते, चौकटीची एक बाजू म्हणजे एक भिंत. ‘बाई, सोळा!’ ‘माझ्या पण सोळाच हाईत की!’ वर्गात गलका उठतो.

कारण सोपं आहे. सुरुवातीला २५ सुटी घरं असतात. एक भिंत खोडली की दोन गट एक होतात, म्हणजे गट एकाने कमी होतात. २५ चा १ व्हायला २४ भिंती जाव्याच लागतात. आत एकूण ४०, म्हणून उरल्या १६. कुणाच्या १५ भरल्या तर कुठेतरी वाट गोल फिरते आहे. १७ भरल्या तर एखादं घर किंवा घरांचा गट कोंडलेला आहे. एकदा एकाच्या १६ बरोबर भरल्या, तरी नकाशा चुकलेला होता. एक घर कोंडलेलं आणि एक वाट गोल! ती चूक त्याच्या शेजारणीने बोट फिरवत शोधून काढली. स्वतःची चूक नेमकी कुठे आहे ते हुडकायची सवय मुलांना इथे लागते, आणि मला तीच हवी असते.

मग वह्या बदलायच्या. काढणाऱ्याने गप्प बसायचं. आपली फसवी वाट मैत्रिणीने बघताक्षणी ओळखली, की पुढच्या वेळी मूल ती लांबवतं, वळवतं, दाराच्या दिशेने नेऊन मग बंद करतं. समोरचा काय विचार करेल, याचा अंदाज बांधतं.

सोडवताना बहुतेक मुलं अडली की पुन्हा दारापासून सुरू करतात. शेवटच्या फाट्यापर्यंतच मागे यायचं, हे त्यांना दाखवावं लागतं. संगणकशास्त्रात यालाच बॅकट्रॅकिंग म्हणतात. दुसरी युक्ती म्हणजे उजवा हात भिंतीवरून काढायचाच नाही. आमच्या १६ भिंतींच्या नकाशात ती हमखास चालते, पण सगळीकडे नाही. अंबाबाईच्या देवळाचे दरवाजे बंद आहेत असं धरा आणि बाहेरच्या भिंतीला हात लावून चालत राहा. प्रदक्षिणा होत राहील, रंकाळा काही येणार नाही! ती भिंत आसपासच्या कुठल्याच भिंतीला जोडलेली नाही, म्हणून.

१९५० मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने थीसियस नावाचा यांत्रिक उंदीर बनवला. त्याचा भुलभुलैयाही २५ घरांचाच होता. पहिल्या फेरीत उंदीर अडत, धडकत वाट शोधायचा, दुसऱ्या फेरीत सरळ जायचा. आठवण उंदरात नव्हती, खालच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या बटणांमध्ये होती. हे ऐकल्यावर मुलं आपल्या वहीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने आपल्या मनानेच छोटे नकाशे काढून पाहिले. ३ बाय ३ ला ४ भिंती उरल्या, ४ बाय ४ ला ९. मी फळ्यावर ४, ९, १६ एवढंच लिहिलं. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, आता पंचवीस येणार.’ मग सगळ्यांनी ६ बाय ६ आखला, ३५ भिंती खोडल्या आणि बोट ठेवून मोजायला लागले.